वेग वाढवताना तुम्हाला काय काय आडवं आलं? अनुभव लिहा

मी पुण्यात सहकारनगरच्या बाजूने तळजाईवर धावते. वय ४३. दोन वर्षांपूर्वी १० किलोमीटरला ७२ मिनिटं लागायची, आता ६६ लागतात. त्याखाली घड्याळ काही येईना! मुलाचा डबा पावणेसातला भरावा लागतो, म्हणजे हातात तासभरच. त्यात आदल्या रात्री पाहुणे जेवून अकराला उठले की पहाटेचे पाय दगडाचे. बुटांच्या ब्रँडची चर्चा नको. रोज काय अडतं आणि कशाने खरंच फरक पडला, ते सांगा.

*

ठाणे. कुत्री! उपवनकडे माझा चौथा किलोमीटर पाच जणांच्या टोळीच्या हद्दीतून जातो. पळालं की मागे लागतात, म्हणून तेवढं अंतर मान खाली घालून चालत जायचं. ॲपमध्ये बघाल तर सगळे किलोमीटर साडेसहाचे आणि चौथा नऊचा. सहा महिन्यांनी त्यातला एक, डावा कान फाटलेला, सोबत धावायला लागला. आता बाकीचे भुंकत नाहीत. त्याचा वेग माझ्यापेक्षा बराच बरा आहे. पुढे जातो, खांबापाशी थांबतो, मागे वळून बघतो. कोच म्हणायचं तर हाच.

*

सातारकर. मी रोज जीव तोडून पळायचो, म्हणजे रोज शर्यतच. नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना कठडा धरायचो. फिजिओने पायाआधी घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं हळू पळा." आठवड्यात तीन दिवस किलोमीटरला आठ मिनिटं. शेजारून चालणाऱ्या काकू माझ्याकडे बघायच्या, लाज वाटायची. जोरात फक्त बुधवारी, मैदानावर ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये चालत दम घ्यायचा. आमच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा. लोक चढाला घाबरतात, पण मांड्या उतारावर जातात. २ तास ३१ मिनिटांवरून पुढच्या वर्षी २:१९ झाले. नडग्या शाबूत.

*

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते: पोट. मरीन ड्राइव्हवर पाचव्या किलोमीटरला हमखास. एकदा धावत गाठलेल्या शौचालयाला कुलूप! त्या दिवशीचा परतीचा किलोमीटर माझा आजवरचा सर्वात वेगवान, पण तो धरत नाही. आता आदल्या रात्री उसळ बंद, दहीभात. उठल्यावर कोमट पाणी आणि निघायच्या आधी पाऊण तास घरातच येरझारा. झोप तेवढी कमी होते, काय करणार.

*

नागपूर. मे महिन्यात इथे पहाटेही पारा तिशीच्या आसपास असतो. किलोमीटरमागे माझे ४० सेकंद तसेच जातात. पूर्वी चिडायचो, आता घड्याळ घरी ठेवतो. दिवाळीनंतर थंडी पडली की तेच सेकंद फुकटात परत मिळतात, आणि मित्रांना वाटतं मी काहीतरी खास ट्रेनिंग केलं.

*

मीच पुन्हा. सातारकरांचं ऐकून तीन आठवडे हळू पळतेय. काल तळजाईच्या चढावर एक आजोबा काठी घेऊन मला मागे टाकून गेले आणि थांबून म्हणाले, "ताई, बरं वाटत नाही का?"