सेंद्रिय शाकाहारी उपाहारगृह: हिरव्या पानामागे नेमके काय असते?

तिरकस
'हिरवा कोपरा' यांनी एका सेंद्रिय शाकाहारी उपाहारगृहाची तोंड भरून स्तुती करताना शेवटी लिहिले आहे की, 'ज्यांना तिथले दर खुपतात त्यांना आरोग्याचे मोल कळलेले नाही.' हे एक वाक्य नसते तर मी उत्तराच्या फंदात पडलो नसतो. मी अशाच एका ठिकाणी जेवलो आहे आणि मला दर खुपले नाहीत. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाशेजारी हिरवे पान छापलेले होते. पण भाजी कोणत्या शेतातून येते आणि त्या शेताला प्रमाणपत्र कोणाचे आहे, एवढे विचारताच वेटर व्यवस्थापकाकडे पाहू लागला आणि व्यवस्थापक भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे. शेतकऱ्याला हंगामी पिकांसाठी साधारण 2 आणि बहुवर्षीय पिकांसाठी 3 वर्षे रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा, काळ काढावा लागतो, नोंदवह्या ठेवाव्या लागतात, तपासनीस येऊन बांधापर्यंत पाहून जातो. त्याच्या मालाचे पुढे जिथे जेवण होते, त्या स्वयंपाकघराला मात्र अमेरिकेत प्रमाणपत्राची सक्ती नाही, आणि युरोपीय संघाच्या 2018 च्या सेंद्रिय नियमावलीनेही उपाहारगृहांना बव्हंशी वगळून तो विषय सदस्य देशांवर सोडला आहे. मग मोल नेमके कशाचे मोजायचे?

हिरवा कोपरा
आपल्याला एक व्यवस्थापक गोंधळलेला भेटला म्हणून सगळीच उपाहारगृहे लबाड ठरत नाहीत. डेन्मार्कमध्ये 2009 पासून उपाहारगृहांसाठी सरकारी चिन्ह आहे: एकूण खरेदीत सेंद्रिय माल 30 ते 60 टक्के असेल तर कांस्य, 60 ते 90 टक्के असेल तर रौप्य आणि त्यापुढे सुवर्ण. म्हणजे मनात आणले तर हे मोजता येते. शिवाय माझ्या सासूबाईंना बाहेरचे जेवण हटकून बाधते, ते तिथे बाधले नाही. आपल्या नियमावलीपेक्षा मला त्यांचे पोट अधिक विश्वासार्ह वाटते.

तिरकस
सासूबाईंच्या पोटाबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, की तेल बेताचे असले तरी पोट सुखी राहते. त्यासाठी शेत सेंद्रिय असावे लागत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2012 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले, एवढे श्रेय मी द्यायला तयार आहे. आणि डेन्मार्कचा दाखला माझ्याच बाजूचा आहे, कारण तिथे टक्केवारी जाहीर करावी लागते. आपले हिरवे पान काहीच जाहीर करत नाही.

कोठीवाला
मी अशा एका उपाहारगृहाच्या कोठीवर काम केले आहे, म्हणून राहवत नाही. मालकाची नियत खोटी नव्हती. पण सेंद्रिय पुरवठादाराकडून सकाळी येणारा माल कधी निम्माच यायचा, कधी पावसाने अडायचा, आणि दुपारच्या जेवणाला माणसे तर दारात उभी. मग साध्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट यायचे आणि त्याच टोपल्यांत ओतले जायचे. संध्याकाळपर्यंत कोणता टोमॅटो कुठला हे मलाही सांगता आले नसते. बाहेरच्या फळ्यावरचे 'शंभर टक्के' मात्र कोणी पुसत नसे.

गांडूळमित्र
सर्वजण प्रमाणपत्रावर अडकला आहात, पण 'शाकाहारी' या दाव्याकडे कोणाचेच लक्ष नाही. युरोप आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या सेंद्रिय नियमांत बोनमील म्हणजे हाडांची पूड, रक्ताची पूड आणि मासळीचे खत चालते. कत्तलखान्यातून निघालेल्या खतावर वाढलेली कोबी ताटात आली, तर ते ताट शाकाहारी कसे?

पथ्यपाणी
जेवणाच्या विषयात हाडे आणि रक्त आणण्याची काही गरज होती का? मी जन्माची शाकाहारी आहे आणि मी काय खावे हे मला चांगले कळते. मुळाने काय शोषले याचा हिशेब ठेवू लागलो तर माणसाला उपाशीच राहावे लागेल. शेणखतही गाईचेच असते, तेही आता सोडायचे का?

गांडूळमित्र
बाई, चिडून नायट्रोजनचा प्रश्न सुटत नाही. कृत्रिम खत बंद केल्यावर पिकाला नायट्रोजन द्यायचा तर मार्ग मोजकेच उरतात: शेण, कत्तलखान्याची पूड, पेंडीसारखे वनस्पतिजन्य खत, किंवा कडधान्ये आणि हिरवळीची खते. हिरवळीचे खत उत्तम, पण ते जमिनीत गाडायचे म्हणजे तेवढा काळ ती जमीन विक्रीच्या पिकाला मिळत नाही, आणि हा खर्च शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? मी स्वतः भाजी पिकवतो, मला बोनमीलचे वावडे नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्या उपाहारगृहाच्या दारावर प्राणिदयेचे वचन लिहिलेले असते, त्याने पुरवठादाराला खताबद्दल एकदा तरी विचारावे. जाता जाता सांगतो, सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचे अशीही अनेकांची समजूत असते. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतो.

पथ्यपाणी
म्हणजे सासूबाईंना मोरचूद मानवला म्हणायचे! आपले ज्ञान अगाध आहे, पण माझ्या ताटात प्राणी नाही एवढे मला पुरेसे आहे, आणि त्यासाठी मी कोणाच्या परवानगीची वाट पाहणार नाही.

तिरकस
खतावरचा हा वाद मूळ प्रश्नापेक्षा रंगला आहे, हे मान्य. तरी 'हिरवा कोपरा' यांनी दरांबद्दलचे ते वाक्य अजून मागे घेतलेले नाही.

हिरवा कोपरा
घेतले. आरोग्याचे मोल सर्वांना कळते, आपल्याला तर जरा जास्तच. पुढच्या वेळी मी व्यवस्थापकाकडे प्रमाणपत्र मागेन, मग तरी समाधान होईल ना?

कोठीवाला
प्रमाणपत्र मागू नका, ते चौकटीत लावलेले असतेच आणि बहुधा पुरवठादाराचे असते. मागायचीच असेल तर आदल्या दिवशीच्या खरेदीची पावती मागा, आणि तीही जेवण मागवण्याआधी.