मदत हवी आहे: सॅच्युरेशन ९९ दिसतंय तरी छातीकडे बघ का म्हणतात?

नमस्कार मंडळी, मी डेंटल असिस्टंट आहे, आता सेडेशनच्या (गुंगी देऊन दाताचं काम करायच्या) केसेसना भूलतज्ज्ञ मॅडमच्या हाताखाली उभी राहायला शिकतेय. औषधं तशी पाठ झालीत, मिडाझोलामने गुंगी येते आणि मधलं फारसं आठवत नाही, फेन्टानिलने दुखणं कमी होतं, लिग्नोकेनने जागा बधिर होते, ते ठीक. अडतंय ते मॉनिटरपाशी. पेशंटच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला प्रोब, आकडा ९९, आणि तरी मॅडम सारख्या म्हणतात आकडा सोड, छातीकडे बघ. केस चालू असताना विचारता येत नाही आणि मला नुसतं पाठ करून उभं राहायचं नाहीये, समोर माणूस असतो. दुसरं म्हणजे फ्लुमाझेनिल (मिडाझोलामची गुंगी उतरवणारं औषध) दिलं, पेशंट टक्क जागा झाला, बोलायला लागला, तरी लगेच घरी का सोडत नाहीत? नातेवाईक मलाच विचारतात. कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

प्रतिसाद १ :
ताई, मॅडमचं बरोबर आहे. सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती तेवढंच, श्वास चालू आहे का ते नाही कळत त्यातून. नळीने ऑक्सिजन चालू असला की फुफ्फुसात साठा भरलेला असतो, श्वास थांबला तरी तो पुरेपर्यंत आकडा जागचा हलत नाही, यात काही मिनिटं जाऊ शकतात, लहान मुलांचा साठा मात्र फार लवकर संपतो. कॅप्नोग्राफ म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, त्याची पडद्यावरची लाट श्वास थांबला की लगेच सपाट होते. पण दाताच्या कामात तोंड उघडं, सक्शन चालू, श्वास तोंडावाटे गेला तर लाट उगाच बारीक दिसते, म्हणून नजर पेशंटवरच हवी. नुसती छाती हलतेय यावरही जाऊ नका, घसा बंद झाला तर पोट वर येतं, छाती आत ओढली जाते आणि हवा काही जात नाही. घोरणं म्हणजे वाट अर्धी बंद, आणि घोरणारा एकदम गप्प झाला तर तेव्हाच सांगायचं. खालची दाढ काढताना डॉक्टरांच्या जोराने जबडा खाली दाबला जातो, जीभ मागे जाते, त्या वेळी खालून जबडा उचलून धरणारा हात बहुतेकदा असिस्टंटचाच असतो.

प्रतिसाद २ :
फ्लुमाझेनिलचं मी सांगते. ते मिडाझोलाम शरीरातून काढत नाही, मेंदूत त्याची जागा अडवून बसतं फक्त. तासाभरात ते ओसरायला लागतं, मिडाझोलाम त्याहून जास्त टिकतं, मग पेशंट घरी जाताना वाटेत परत गुंगीत जाऊ शकतो आणि तिथे बघायला कोणी नसतं. म्हणून ते दिल्यावर साधारण २ तास तरी थांबवतात, नातेवाइकांना हेच सांगा. आणि फेन्टानिल त्याने उतरत नाही, त्याला नॅलॉक्सोन लागतं, दोन्ही अँप्युल केसच्या आधीच लेबल वाचून हाताशी ठेवा.

धागाकर्ती :
दोघांचे खूप आभार, आता डोक्यात बसलं. एक राहिलं, जबडा उचलूनही श्वास आला नाही तर मी आधी काय करायचं?

प्रतिसाद १ :
मोठ्याने "श्वास नाही" म्हणायचं, डॉक्टर काम थांबवतील. तोंडातलं पाणी, गॉज सगळं बाहेर काढा, तेवढ्यात मॅडम बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी आणि तिचा मास्क) लावतील. बॅग ऑक्सिजनला जोडलेली आहे ना आणि मास्क पेशंटच्या मापाचा आहे ना, हे केस सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवा.