वीज गेली की लोरा मॉड्यूलांचे जाळे मुके होते : सेटिंग्जबाबत मार्गदर्शन हवे

बागवाला_वरुड

नमस्कार. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून घर गावठाणात, बागेपासून सुमारे ११०० मीटर अंतरावर आहे. विहिरीतील पाण्याची पातळी, टाकीची पातळी आणि ठिबकचा एक व्हॉल्व्ह घरबसल्या कळावा व चालवता यावा, यासाठी मी ई३२-८६८टी२०डी जातीची चार लोरा मॉड्यूले (कमी विजेत लांबवर थोडा मजकूर रेडिओने पाठवणारी) ईएसपी३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांना जोडली आहेत. घरचा बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे घरच्या विजेवर चालतो. वावरातील तिन्ही बोर्डांना लहान सौर पॅनेल आणि बॅटरी आहे. सर्व ठिकाणी ३.३ व्होल्टचाच सिरियल सिग्नल आहे.

सेटिंग करताना एम० आणि एम१ या मोड ठरवणाऱ्या दोन्ही पिना हाय करून (हा सेटिंग मोड) ९६०० बॉडवर, म्हणजे सिरियल तारेवरील त्या वेगाने, पुढील सहा बाइट पाठवले : सी२ ०० ०० १९ ०४ ४४ (अनुक्रमे आज्ञा, दोन बाइट पत्ता, वेग, चॅनेल आणि इतर पर्याय). आंतरजालावर मिळालेल्या एका नमुना प्रोग्राममध्ये हीच आज्ञा होती. मी त्यात फक्त हवेतील वेग १.२ केबीपीएस आणि चॅनेल ०४ एवढा बदल केला. चारही मॉड्यूले टेबलावरच अशी तयार केली आणि त्यांतील वावरातली तिन्ही बॅटरी न काढता तिकडे नेऊन बसवली. त्यानंतर सर्व संदेश व्यवस्थित येऊ लागले.

अडचण अशी की घरची वीज गेली आणि परत आली, की घरचा बोर्ड सुरू होतो, पण त्यावर एकही संदेश येत नाही. लॅपटॉप जोडून तेच सहा बाइट पुन्हा पाठवले की सारे पूर्ववत होते. ऑगस्टच्या झडीत चार दिवस ऊन पडले नाही, तेव्हा विहिरीवरच्या बोर्डाचीही हीच गत झाली होती. मॉड्यूल सदोष आहे की माझी मांडणी चुकीची आहे, हे समजत नाही.

आणखी दोन प्रश्न आहेत. मोटर सुरू झाली की विहीर आणि टाकी दोन्ही ठिकाणांहून लगेच संदेश निघतात आणि पुष्कळदा दोन्ही हरवतात. यावर उपाय काय? तसेच व्हॉल्व्हच्या बोर्डाची बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. आंबिया बहारासाठी बागेला दिलेला पाण्याचा ताण तोडताना पाणी मोजून द्यावे लागते, आणि शेतीची वीज बहुधा रात्रीचीच असते, त्यामुळे तो बोर्ड रात्रभर जागा राहणे मला आवश्यक आहे.

वर्धेचा_तंत्रज्ञ

मॉड्यूल सदोष नाही. दोष आज्ञेच्या पहिल्या बाइटमध्ये आहे. सी२ ने सुरू होणारी आज्ञा सेटिंग तात्पुरती लावते आणि वीजपुरवठा तुटताच ती पुसली जाते. सी० ने सुरू होणारी आज्ञा तेच सेटिंग मॉड्यूलच्या कायम स्मृतीत लिहिते. वीज गेल्यावर तुमचे घरचे मॉड्यूल कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे चॅनेल ०६ आणि २.४ केबीपीएस वेगावर परत जाते, तर वावरातील मॉड्यूले बॅटरीमुळे चॅनेल ०४ आणि १.२ केबीपीएसवरच बोलत राहतात. झडीत विहिरीवरची बॅटरी उतरली तेव्हा तेथेही तेच झाले.

खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या वेळी वीज जाऊन परत आल्यावर काहीही न लिहिता सेटिंग मोडमध्ये सी१ सी१ सी१ हे तीन बाइट पाठवा. उत्तरात सी० ०० ०० १ए ०६ ४४ आले, तर निदान पक्के समजा. सी२ निरुपयोगी आहे असे नाही. प्रयोगाच्या काळात वारंवार सेटिंग बदलताना ती सोयीची असते. परंतु जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही तेथे अंतिम सेटिंग सी० नेच लिहावे, आणि त्याहून बरे म्हणजे बोर्ड सुरू होताना प्रोग्रामने सी१ वाचून ते तपासावे व जुळत नसेल तेव्हाच सी० लिहावे.

चॅनेल ०४ निवडलात ते योग्यच केले. या मॉड्यूलची वारंवारिता ८६२ अधिक चॅनेल क्रमांक इतके मेगाहर्ट्झ असते, म्हणून ०४ म्हणजे ८६६. भारतात ८६५ ते ८६७ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. मूळ चॅनेल ०६ बरोबर ८६८ वर, म्हणजे पट्ट्याच्या धुऱ्यावर येतो आणि सिग्नलचा अर्धा भाग बाहेर पडतो. ०३ घेतले तर खालच्या धुऱ्यावर तेच होते.

दोन्ही संदेश हरवतात ते एकमेकांवर आदळल्यामुळे. हे मॉड्यूल बोलण्यापूर्वी हवा मोकळी आहे का, हे ऐकत नाही. चारच ठिकाणे असल्याने सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वावरातील कोणीही आपणहून बोलू नये. घरच्या बोर्डाने एकेकाला विचारावे आणि उत्तर आल्यावर, किंवा ठरावीक वेळ थांबून, पुढच्याकडे वळावे. त्यासाठी सर्वांचा पत्ता ०० ०० ठेवू नका. घराला ०० ०१, विहिरीला ०० ०२, टाकीला ०० ०३, व्हॉल्व्हला ०० ०४ असे पत्ते द्या आणि शेवटच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट १ करा, म्हणजे ४४ चे सी४ होईल. विहिरीसाठी पूर्ण आज्ञा अशी : सी० ०० ०२ १९ ०४ सी४. यानंतर प्रत्येक संदेशाच्या आधी ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता आणि चॅनेल असे तीन बाइट जोडावे लागतात. विहिरीने घराला उत्तर देताना ०० ०१ ०४ आणि मग मजकूर. ऐकणाऱ्याला हे तीन बाइट दिसत नाहीत आणि संदेश कोणाचा हेही कळत नाही, म्हणून मजकुरातच आपला क्रमांक घालावा.

दारव्ह्याचा_कास्तकार

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण बागवालादादांनी एक गोष्ट आणखी करावी असे मला वाटते. ११०० मीटर अंतर आणि मध्ये संत्र्याची दाट पाने असताना १.२ केबीपीएस वेग जरा धाडसाचाच आहे. आज चालते आहे, पण पावसाने पाने ओली झाली की संदेश गळू लागतील. आमच्या पऱ्हाटीच्या वावरात मी ०.३ केबीपीएस ठेवला आहे, म्हणजे चौथा बाइट १९ ऐवजी १८. पाण्याची पातळी कळवायला वेग कशाला हवा?

वर्धेचा_तंत्रज्ञ

भाऊ, १८ केल्याने फायदा होईल, पण मी तो शेवटचा उपाय मानतो. वेग चौपटीने कमी केल्यास सिद्धांतानुसार सुमारे सहा डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचे माप) मिळतात. त्याच्या बदल्यात तीस बाइटांच्या संदेशाला हवेत नुसत्या मजकुरासाठीच पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा व तिची पोच यांत तो वेळ जाणवतो. वेग बदलायचाच झाला तर तो चारही ठिकाणी एकाच वेळी बदलावा लागतो, हेही ध्यानात असू द्या. हवेतील वेग, चॅनेल आणि चूक-दुरुस्तीचा बिट यांपैकी एकही वेगळा असला तर मॉड्यूलांची एकमेकांशी ओळखच पटत नाही. सिरियलचा बॉड मात्र प्रत्येकाचा वेगळा चालतो.

त्याआधी अँटेना उंच करावी. ८६६ मेगाहर्ट्झवर ११०० मीटरच्या मार्गाच्या मध्यावर लहरींना मोकळे वाटण्यासाठी सरळ रेषेभोवती सुमारे दहा मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ सहा मीटर, तरी मोकळा असावा असा संकेत आहे. झाडे चार-पाच मीटरची असतील तर एवढी मोकळीक वावरात कोणालाच मिळत नाही. तरीही घराच्या गच्चीवर तीन मीटरचा पाइप उभा करून त्यावर अँटेना लावल्याने जो फरक पडतो, तो वेग कमी करून पडणार नाही. अँटेना पाइपवर आणि मॉड्यूल खाली, अशी मांडणी करू नका. पातळ केबलीत या वारंवारितेवर दर मीटरला सुमारे एक डेसिबल जातो. मॉड्यूलच डबीत घालून वर न्यावे आणि खाली सिरियलच्या तारा आणाव्यात. पाव लहरीची अँटेना साधारण ८.६ सेंटिमीटरची असते. सुमारे सतरा सेंटिमीटरची सरळ तार सोबत आली असेल तर ती ४३३ मेगाहर्ट्झची आहे, ती लावू नये.

बागवाला_वरुड

आज दुपारी वीज जाऊन परत आल्यावर सी१ तीनदा पाठवून पाहिले. उत्तर सी० ०० ०० १ए ०६ ४४ असेच आले. आता पत्त्यांसह सर्व ठिकाणी सी० ने लिहीन आणि वेग तूर्त १९ च ठेवीन. व्हॉल्व्हच्या बॅटरीचा प्रश्न तेवढा राहिला आहे.

वर्धेचा_तंत्रज्ञ

व्हॉल्व्हच्या मॉड्यूलला एम० लो आणि एम१ हाय या बचतीच्या मोडमध्ये ठेवा. त्यात ते सतत ऐकण्याऐवजी ठरावीक अंतराने क्षणभर जागे होऊन कोणी हाक मारते आहे का, ते पाहते. हे अंतर दोन सेकंद करायचे असेल तर शेवटचा बाइट एफसी होतो, आणि घरच्या मॉड्यूललाही तोच एफसी द्यावा लागतो. घरच्या मॉड्यूलमध्ये लावलेला हा कालावधी व्हॉल्व्हपेक्षा कमी असेल तर व्हॉल्व्ह पुन्हा जागे होण्याआधीच हाक संपून जाते. व्हॉल्व्हला आज्ञा देताना घरचे मॉड्यूल एम० हाय आणि एम१ लो या मोडमध्ये न्यावे, म्हणजे ते मजकुरापूर्वी लांब हाक घालते. विहीर आणि टाकीशी बोलताना ते दोन्ही पिना लो असलेल्या नेहमीच्या मोडमध्येच ठेवावे. बचतीच्या मोडमध्ये पाठवता येत नाही, त्यामुळे पोच देण्यासाठी व्हॉल्व्हने क्षणभर नेहमीच्या मोडमध्ये येऊन पुन्हा परत जावे, आणि मोड बदलल्यावर ऑक्स पिन (मॉड्यूल कामात आहे की मोकळे, हे दाखवणारी) हाय होईपर्यंत काहीही लिहू नये.

तरी बॅटरीचा मोठा भाग ईएसपी३२ च खातो, म्हणून त्यालाही झोपवणे भाग आहे. संदेश आला की ऑक्स पिन लो होते, तिच्यावर त्याला जागे करता येते. मात्र डीप स्लीपमधून, म्हणजे गाढ झोपेतून, उठायला त्याला जो वेळ लागतो तेवढ्यात मजकूर निघून जातो. एक तर लाइट स्लीप, म्हणजे लगेच उठता येणारी हलकी झोप, वापरावी, किंवा घरून आज्ञा दोनदा पाठवावी, पहिली उठवण्यासाठी आणि दुसरी कामासाठी. डीप स्लीप घेतलीत तर एम० ला दहा किलोओहमचा रोध ग्राउंडकडे जरूर जोडा. झोपेत बोर्डाच्या पिना मोकळ्या सुटतात, मॉड्यूलच्या आत एम० आणि एम१ दोन्हींना हलका पुल-अप (मोकळी पिन हायकडे ओढणारा रोध) आहे, आणि मग मॉड्यूल बचतीच्या मोडऐवजी सेटिंग मोडमध्ये शिरून काहीच ऐकत नाही.

व्हॉल्व्ह उघडण्याच्या आज्ञेतच किती मिनिटे तो आकडा पाठवावा आणि वेळ संपली की बोर्डाने स्वतःच व्हॉल्व्ह बंद करावा, बंद करण्याची आज्ञा पोहोचो वा न पोहोचो.