घुबडाच्या नावावर बिल फाडू नका
"जंगलातली तोड बंद केली की गावातला रोजगार संपतो" असं वर दोघातिघांनी लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टनकडे १९९० साली ठिपक्यांचं घुबड संरक्षित यादीत गेलं, मग त्याचं जुनं जंगल वाचवायला आलेल्या १९९४च्या नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन या सरकारी योजनेनंतर सरकारी जंगलातली तोड खूपच कमी झाली आणि सगळं खापर त्या बिचाऱ्या घुबडावर फुटलं. पण त्याआधीच, १९८०च्या दशकात मंदीनंतर तोड परत वाढली तरी कामगार पूर्वीइतके परत घेतलेच नव्हते, कारण लाकूड चिरायच्या गिरण्यांत मशिनं आली होती ना.

झाडं तोडायच्या हार्वेस्टर मशीनचा व्हिडिओ बघा कधीतरी, एकटा माणूस केबिनमध्ये बसून जॉयस्टिक हलवतो, झाड बुंध्याशी धरलं, कापलं, आडवं केलं, फांद्या सोलल्या, मापात ओंडके पाडले, खेळ खल्लास. आधी याला करवतवाल्यांची टोळी लागायची. ऑपरेटरला पगार बरा मिळतो हो, पण बाकीच्यांनी काय करायचं?

आणि मजुरीचं म्हणाल तर ओंडका चिरला कुठे हेही बघायला हवं. अख्खाच जहाजात चढवला तर गावाला मिळते फक्त तोडणी आणि ट्रकभाडं, सॉ मिलचे पगार जहाज जाईल तिकडेच.

अजून एक, अमेरिकेत राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा १९०८पासून शाळा आणि रस्त्यांसाठी जायचा. म्हणजे तोड घटल्यावर ज्याने जन्मात कुऱ्हाड धरली नाही त्या मास्तरच्या नोकरीवरही टांगती तलवार, म्हणून तर २००० साली भरपाईचा वेगळा कायदा करावा लागला.