दुष्काळात तेरावा महिना : घराची घडी विस्कटली तेव्हा...

आमच्याकडे सुरुवात झाली ती एका मोडलेल्या पायापासून. भाऊ जिन्यावरून पडला, तीन महिने घरी. तो हिंडू-फिरू लागतोय तोवर माझी नोकरी गेली. मग आईचं ऑपरेशन. आणि त्याच आठवड्यात, अगदी ठरवून आल्यासारखं, वॉशिंग मशीन बंद पडलं. हसू नका, या सगळ्यात मी रडले ती त्या मशीनपाशी.

संकटं रांगेने का येतात यावर मी बराच विचार केलाय (वेळच वेळ होता). पहिल्याने शिल्लक खाल्ली, दुसऱ्याला हातउसने घेतले, तिसऱ्याला व्याजाने. तिसरं खरं तर सगळ्यांत लहान, पण हाताशी काही उरलंच नव्हतं, म्हणून तेच सगळ्यांत महाग पडलं. पैसे वाचवायला गाडीचं ऑइल बदललं नाही आणि इंजिन जाम झालं. हे कुठल्या खात्यावर मांडायचं, नशिबाच्या की ओढाताणीच्या?

तुमच्यावर अशी वेळ आली होती का? घरात आधी कुणाला सांगितलंत, कुणापासून लपवलंत? सल्ले नकोत, झालं ते सांगा.

*

लपवण्याचं विचारलंत म्हणून लिहिते. नोकरी गेल्यावर नवरा सात आठवडे रोज ठरल्या वेळी बॅग घेऊन बाहेर पडत होता. मला कळलं ते केर काढताना. बॅग बाजूला ठेवायला उचलली तर हात एकदम वर गेला, इतकी हलकी! ऑफिसचा लॅपटॉप कधीच परत गेला होता. आत एक छत्री आणि रिकामी बाटली.

सात आठवडे घर जुन्या पगाराच्या थाटात चाललं होतं, क्रेडिट कार्डावर. तो दर महिन्याला 'किमान रक्कम' भरायचा आणि आपण वेळेवर भरतोय असं समजायचा. रात्री मी कागद-पेन घेऊन बसले. महिना ३ टक्के व्याज, भरणा बाकीच्या ५ टक्के. नवा खर्च अजिबात केला नाही, तरी बाकी नुसती निम्मी व्हायला ३२ महिने. काहीच भरलं नाही तर २४ महिन्यांत दुप्पट, वर दंड वेगळा. ३ टक्के ऐकायला किती गरीब वाटतात ना?

नोकरी गेल्याचा मला राग आला नाही. राग आला छत्रीचा. पाऊस आला तर भिजू नये, इथपर्यंत विचार करून माणूस घरातून निघत होता, आणि बायकोला सांगायचं तेवढं सुचलं नाही.

कार्डं कापली. माझ्या भावाने बिनव्याजी पैसे दिले, त्यातून बाकी मिटवली. भावाचे अजून फेडतोय. तो विषय काढत नाही, आणि त्याचंच जास्त ओझं होतं.

*

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. माझ्याकडे काम एकच, फोन उचलून 'बाबा बाहेर गेलेत' म्हणायचं. बाबा समोरच खुर्चीत. एकदा पलीकडच्याने विचारलं, कधी येणार? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन तास की दोन दिवस, मला कळेना. मी म्हणालो, 'दोन वर्षांनी.' बाबा तोंडावर हात दाबून हसले. कित्येक महिन्यांनी हसले असतील.

आज माझ्यावर एकही कर्ज नाही. तरी अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो.

*

मेहुण्याला जामीन राहिलो. 'नुसती सही तर करायचीय.' त्याचा धंदा बसला आणि पत्र आमच्या दारात. मुदलासकट सगळ्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच माझी, हे छापलेलं होतंच, मी वाचलं नव्हतं. त्याचे हप्ते भरताना आमच्या आरोग्यविम्याचा हप्ता राहिला, सवलतीचे दिवसही उलटून गेले. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या दुखण्यांना विमा लागू व्हायची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. बायको आजारी पडली ती नेमकी त्या काळात. मेहुण्याशी बोलणं आहे. घसा कोरडा पडतो, पण आहे.

*

सल्ले नकोत म्हणालात, तरी एक सांगू द्या. मी कर्जवसुलीच्या टेबलापलीकडे बरीच वर्षं काढली आहेत. पहिला हप्ता चुकायच्या आधी जो येऊन सांगतो, त्याच्यासाठी करण्यासारखं बरंच असतं. मुदत वाढवून हप्ता उतरवता येतो, कधी काही महिने नुसत्या व्याजावर भागतं. एकूण व्याज वाढतं, ते मी लपवत नसे. पण दोन-तीन हप्ते थकले की फाइल पुढच्या टेबलावर जाते, आणि तिथल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. उशिरा यायचे ते लबाड नव्हेत बरं का. बहुतेक अतिशय सभ्य माणसं. लाजेपायी उशीर.

*

थोडं कडू लिहितो. आमच्या बाबतीत अर्धं नशीब होतं, अर्धा माझा हट्ट. आग लागली, माल गेला, हे नशीब. त्यानंतर दोन वर्षं 'यंदा उठेल' म्हणत बुडत्या दुकानात घरचे पैसे ओतले, तो मी. लोक हळहळतात तेव्हा मी दोन्ही एकाच पिशवीत घालून टाकतो.

*

आम्ही अजून मधेच आहोत, त्यामुळे शेवट सांगता येणार नाही. आजारपण, मग घरमालकाने जागा सोडायला लावली, मग ह्यांचे कामाचे पैसे बुडाले. बायको-नवरा मिळून एक वही ठेवलीय. देणी पेनने लिहितो, येणी पेन्सिलीने, कारण खोडावी लागतात. येण्यांची पानं खोडरबराने इतकी पातळ झालीत की पलीकडचं दिसतं.

परवा एका येण्यातले निम्मे खरंच आले. ह्यांनी ते पेनने लिहिलं. धाकटी शेजारी गृहपाठ करत होती, मान वर करून म्हणाली, 'पेन्सिल हरवली का?'