पहाणी कानडीत, आठवण मराठीत
"आठवणी वरून खाली झिरपतात", म्हणजे मोठ्यांकडून लहानांकडं येतात, असं म्हणतात. ते पटतं, पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं उलटंही घडतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आबांची शाळा मराठी, जमिनीची पहाणी (सातबारासारखा उतारा) मात्र कानडीत येते. ती वाचायला नात लागते. ती सर्व्हे नंबर वाचते, आबा म्हणतात, "हां, ते जांभळीचं शेत," आणि मग बांधावरचं भांडण, विकलेला बैल, कुणी कुणाशी बोलणं सोडलं, सगळं निघतं. (बैलाची किंमत दर वेळी वाढते, ते सोडा.) मी कोल्हापुरात शिकलो, कानडी वाचता येत नाही, म्हणून कागद उघडून कधी विचारलंच नाही. पोरगी आता पहाणीच्या मागं शेतांची नावं पेन्सिलनं लिहून ठेवतेय.