पायाचं हाड मोडायला नक्की किती फोर्स लागतो? अर्जंट

लेटलतीफ: मदत हवीये. पायाचं हाड मोडायला किती न्यूटन लागतात? नेटवर कुठे ४ हजार कुठे १० हजार, सर म्हणतात एकच आकडा लिही. परवा सबमिशन आहे, फक्त आकडा सांगा, लेक्चर नको.

भोचक_भवानी: कुणाचं मोडायचंय आधी सांगा 😀

स्पॅनर: कोणतं हाड? मांडीचं, नडगीचं? उभा दाब की आडवा फटका? वय?

लेटलतीफ: नडगी धरा. नॉर्मल माणूस.

कोकणकन्या: रोज नाचणीची आंबील घ्या, कोवळं ऊन घ्या, हाडं मोडणारच नाहीत. माझ्या सासूबाई ८१ च्या आहेत, अजून जिना चढतात.

स्पॅनर: अरे दोन्ही आकडे बरोबर असतील, गोष्टी वेगळ्या आहेत. १० किलोन्यूटन ही अमेरिकेतल्या कार क्रॅश टेस्टची मर्यादा, डमीचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला की मांडीच्या हाडावर लांबीच्या दिशेने येणारा भार. नडगीला मधोमध आडवा मार बसला तर ४ च्या आसपासच काम तमाम. हाड दाब भरपूर सोसतं, वाकवलं की ताण पडतो त्या बाजूने आधी तडकतं आणि पीळ बसला तर अजूनच नाजूक.

गणितमास्तर: फोर्स फोर्स काय करताय, किती अंतरात थांबला ते बघा! ७० किलोचा माणूस २ मीटरवरून उडी मारून गुडघे वाकवत अर्ध्या मीटरमध्ये थांबला तर सरासरी साडेतीन किलोन्यूटन, तेही दोन पायांत वाटून. ताठ पायांनी १ सेंमीत थांबला तर हिशोब १३७ वर जातो.

स्पॅनर: मास्तर, त्याने उडी मारलेलीच नाहीये.

गणितमास्तर: मग काय केलंय ते त्याने कुठे सांगितलंय?

लेटलतीफ: अहो बाईकचा लेगगार्ड आहे प्रोजेक्टला, बाजूने कार ठोकते.

स्पॅनर: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राजा!! मग ४ धर, आडवा फटका असं स्पष्ट लिही, आणि बायकांचं, म्हाताऱ्यांचं हाड त्याआधीच जातं हेपण टाक. म्हातारपणी नुसतं उभ्याउभ्या पडलं तरी खुबा मोडतो.

रानवारा: आमच्या गावच्या हाडवैद्याने मामाची नडगी बांबूच्या कामट्या बांधून जोडली, प्लेट नाही की काही नाही.

भोचक_भवानी: आणि मामा आता लंगडतात का?

रानवारा: थोडे.

लेटलतीफ: सर विचारतायत ४ किलोन्यूटन म्हणजे किती किलो?

स्पॅनर: साधारण ४०० किलो वजनाएवढा. आणि सर मेकॅनिकलचेच आहेत ना?